कुंडीतल्या लिंबाच्या फांद्या पुन्हा पुन्हा मोडत असतील तर

नर्सरीतून आणलेलं लिंबू, मोसंबी किंवा संत्र्याचं कलम कुंडीत रुजतं, पहिल्याच वर्षी हात-हातभर फांद्या फेकतं. मग वळवाच्या वाऱ्यात किंवा पहिल्या भरगच्च बहारात त्यातली एक फांदी लोंबकळलेली सापडते. ती कापून बाजूला काठी रोवली जाते, आणि पुढच्या हंगामात दुसरी मोडते. असं दोनदा झालं असेल तर वाऱ्याला दोष देणं थांबवा. वारा सगळ्या गच्चीवर सारखाच असतो, आणि त्याच वाऱ्यात शेजारचं झाड उभं राहतं.

बहुतेक वेळा कारण एकच असतं: फांदीची लांबी तिच्या जाडीच्या पुढे पळालेली असते. फांदीची जाडी दुप्पट झाली की तिची भार पेलण्याची ताकद दुप्पट नाही, आठपट होते. भाराचं गणित उलट दिशेने चालतं. बुंध्यापासून १५ सेंटिमीटरवर टांगलेलं फळ जेवढा ताण देतं, त्याच्या चौपट ताण तेच फळ ६० सेंटिमीटरवर देतं. कागदी लिंबू नव्या फुटीवर, म्हणजे टोकाकडेच फुलतं आणि फळतं. एक लिंबू ४०-५० ग्रॅमचं धरलं तर सात लिंबं म्हणजे तीन-साडेतीनशे ग्रॅम वजन पेन्सिलीपेक्षा बारीक फांदीच्या टोकाला येतं, आणि त्यात पावसाने भिजलेल्या पानांचं वजन वेगळं. म्हणून खालचे सगळे उपाय या दोनच गोष्टींसाठी आहेत: फांदी आखूड आणि जाड ठेवणं, आणि ती तयार होईपर्यंत तिच्यावर भार न येऊ देणं.

आधी मोडलेली जागा बघा

मोडलेली फांदी लगेच कापून टाकू नका. मोड कसा आहे यावरून कारण कळतं, आणि कारण कळल्याशिवाय पुढची फांदी वाचत नाही.

फांदी बुंध्यापासून फाटून निघाली असेल आणि फाटलेल्या जागेत वरच्या बाजूला तपकिरी, कोरडी, सालीसारखी पट्टी दिसत असेल, तर ते अरुंद बेचकं होतं. फांदी बुंध्याला जवळजवळ समांतर वाढली की दोघांच्या मधली साल आत दुमडली जाते. तिथे लाकूड लाकडाला कधी जोडलेलंच नसतं. बाहेरून जाडजूड दिसणारी फांदी आतून निम्मीच धरलेली असते. संत्र्याची वाढ मुळातच उभट असल्यामुळे त्यात हा दोष लिंबापेक्षा जास्त दिसतो.

फांदी मधेच, बुंध्यापासून एक-दोन वीत अंतरावर मोडली असेल, लाकूड ताजं, पांढरट-हिरवं आणि ओलं असेल, तर तो सरळ लांबीचा आणि भाराचा मामला आहे. अशा फांदीचा उरलेला तुकडा बोटांत धरून फिरवून बघा. लिंबूवर्गीय झाडाची कोवळी फूट गोल नसते, तिला कोपरे असतात. पक्व होत जाते तशी ती गोलावते आणि सालीवर करड्या रेषा उमटतात. मोडलेल्या जागी अजून कोपरे लागत असतील, तर त्या फांदीवर फळ ठेवायलाच नको होतं.

तुटलेल्या जागी सालीवर वळ असेल, वळाच्या वरची बाजू फुगलेली आणि खालची बारीक असेल, तर दोरीने गळा आवळलेला आहे. सुतळी, नायलॉनची दोरी, वायर, केबल टाय यांपैकी काहीही तीन-चार महिने तसंच राहिलं की हे होतं. नर्सरीत डोळा भरल्यावर (चांगल्या झाडाची कळी खालच्या रोपाच्या सालीत बसवल्यावर) गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी न काढल्यामुळेही हेच होतं, आणि मग एखादी फांदी नाही, जोडावरून अख्खं झाडच निखळतं. नवीन कलम घरी आणलं की पहिलं काम म्हणजे जोड शोधायचा आणि पट्टी असेल तर ब्लेडने उभी चिरून सोडवायची. पट्टी ओढून काढू नका, सालीचा पापुद्रा सोबत येतो.

मोडलेली फांदी कोरडी, ठिसूळ असेल, कट्‌कन तुटली असेल, तर ती मोडण्याआधीच मेलेली होती. विदर्भातले संत्रा बागायतदार अशा वाळलेल्या काड्यांना सल म्हणतात आणि फळतोडणीनंतर सल काढणं हे ठरलेलं काम असतं. कुंडीत सल वाढण्याचं मुख्य कारण मुळांशी असतं: पाणी साचून मुळं कुजतात आणि शेंडे वाळू लागतात. कागदी लिंबात खैऱ्या रोगही असाच फांदीला आतून कमजोर करतो. पानांवर पिवळ्या वलयाचे खरखरीत उठावदार डाग आणि तसेच खवले काडीवर दिसले, की त्या डागाच्याच जागी काडी मोडते. बेचक्यात भुशाची जाळी दिसली तर ती साल खाणाऱ्या अळीची खूण. जाळी खरवडून काढा, भोकात बारीक तार घालून अळी मारा आणि भोक ओल्या मातीने लिंपून टाका.

एक प्रकार फसवा आहे. झाड अतिशय जोमदार दिसतं, पानं मोठी आणि गर्द हिरवी, फांद्या लांब, मऊ, इंग्रजी एस अक्षरासारख्या वळलेल्या, खाली झुकलेल्या, आणि सालीखाली डिंकाचे बारीक फुगे. ही तांब्याच्या कमतरतेची लक्षणं आहेत, आणि नत्र भरपूर दिलेल्या झाडांत ती ठळक होतात. अशा झाडाला लोक कौतुकाने आणखी खत घालतात. त्याऐवजी नत्र थांबवा आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ३ ग्रॅम या प्रमाणात नवी पालवी पूर्ण उघडल्यावर एकदा फवारा. खैऱ्यालाही हीच फवारणी उपयोगी पडते, फक्त तिथे डाग असलेल्या काड्या आधी कापून कचऱ्यात टाकाव्या लागतात आणि पावसाळ्यात महिन्याच्या अंतराने फवारणी पुन्हा करावी लागते.

फळ कधी ठेवायचं

हा भाग लोकांना सगळ्यात जड जातो, आणि फांद्या वाचतात त्या इथेच. कलम कुंडीत लावल्यानंतर पहिल्या वर्षी आलेली सगळी फुलं किंवा हरभऱ्याएवढी फळं काढून टाका. हो, सगळी. त्या वर्षी झाडाने कमावलेलं अन्न मुळांना आणि लाकडाला गेलं पाहिजे. दुसऱ्या वर्षी कागदी लिंबाच्या झाडावर आठ-दहा फळं पुरे, तीही करंगळीएवढ्या किंवा जास्त जाड फांद्यांवर. मोसंबीचं एक फळ २०० ग्रॅमच्या आसपास जातं, त्यामुळे दुसऱ्या वर्षी मोसंबीच्या झाडावर दोन, फार तर तीन फळं. एका घोसात चार फळं धरली असतील तर एकच ठेवा. विरळणी फळ हरभरा ते बोराएवढं असताना करा. मोठी फळं काढण्यात काही अर्थ नाही, झाडाचा खर्च होऊन गेलेला असतो.

काही फळं झाड आपणहून गाळतं, त्याची काळजी करू नका. ती गळ थांबल्यावर उरलेल्यांची मोजणी करा.

फळ तोडताना ओढू नका. लिंबू हिसकून काढलं की देठासोबत काडी सोलपटते, आणि त्या सोललेल्या जागेतून पुढे सल सुरू होतो. सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) किंवा साध्या कात्रीने देठ फळाच्या जवळ कापा. घरात सगळ्यांना हे एकदा दाखवून ठेवा, कारण सरबताला लिंबू आणायला दर वेळी तुम्हीच जाल असं नाही.

आधार: लोक चुकतात ते इथे

काठी घट्ट बांधली की झाड सुरक्षित झालं, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात बुंधा हलला नाही तर तो जाड होत नाही. वाऱ्यात थोडं डोलणारं झाड ताण पडेल तिथे लाकूड भरतं. काठीला जखडलेलं झाड उंच होतं, पण बुंधा काडीसारखाच राहतो, आणि ज्या दिवशी काठी काढाल त्या दिवशी ते लवतं. काठीला जिथे शेवटची गाठ असते, बरोबर तिच्या वर ते मोडतं.

पद्धत अशी ठेवा. काठी कुंडी भरतानाच रोवा, नंतर खुपसली तर मुळं तुटतात. बुंध्यापासून ५-६ सेंटिमीटर अंतर, आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला काठी. उंची झाडाच्या निम्म्याच्या थोडी वर, पूर्ण नाही. बांधायला जुन्या सुती कापडाची दोन बोटं रुंद पट्टी घ्या आणि ती आठच्या आकड्यात फिरवा, म्हणजे मधला पीळ काठी आणि बुंधा यांच्या मधे येईल. बुंधा दोन्ही बाजूंना बोटभर हलला पाहिजे. गाठ काठीवर मारा, बुंध्यावर नाही. दर दोन महिन्यांनी सोडून थोड्या वेगळ्या उंचीवर बांधा. वर्षभराने एक दिवस पट्टी सोडून बघा. झाड स्वतःच्या जोरावर सरळ उभं राहिलं तर काठीची गरज संपली.

फळांचा भार असलेल्या फांदीला मात्र वेगळा आधार लागतो. नागपूरकडच्या संत्रा बागांत बहार भरात आला की फांद्यांना बांबूचे टेकू देतात. कुंडीतही तेच करता येतं. वरच्या टोकाला बेचकं असलेली काडी घ्या, बेचक्यात कापडाची घडी ठेवा आणि फांदीच्या मुळापासून दोन-तृतीयांश अंतरावर टेकवा. अगदी टोकाशी टेकू दिला तर फांदी मधे वाकते. फळ तोडलं की टेकू काढून घ्या.

ठेवण घडवणं

पहिल्या वर्षी झाड गुडघ्याएवढं झालं की बुंध्याचा शेंडा मातीपासून साधारण ४५ सेंटिमीटरवर छाटा. खालून पाच-सहा फुटी येतील. त्यातल्या तीन किंवा चार ठेवा. निवडताना तीन गोष्टी पाहा: एकाच जागेतून दोन निघालेल्या नसाव्यात, दोघींमधे चार बोटं तरी उभं अंतर असावं, आणि बुंध्याशी कोन निदान ४५ अंशांचा असावा. कोन अरुंद असेल आणि फूट अजून हिरवी असेल, तर बुंधा आणि फूट यांच्या मधे कपडे वाळत घालायचा चिमटा किंवा छोटी काडी अडकवा. तीन-चार आठवड्यांत कोन पक्का होतो. हे काम दुपारी करा. सकाळी फूट पाण्याने टच्च भरलेली असते आणि जरा वाकवली तरी कडकन मोडते, दुपारी ती सैल पडलेली असते.

या मुख्य फांद्या वीत-सव्वा वीत झाल्या की शेंडा नखाने खुडायचा. त्यातून दोन-तीन उपफांद्या निघतात, त्याही वीतभर झाल्या की पुन्हा खुडायच्या. एवढं एकच काम नेमाने केलं तरी निम्म्या फांद्या मोडायच्या थांबतात. पण झाड फुलावर येताना खुडणी थांबवा, नाहीतर फूल येणारे शेंडेच हातात येतील.

बुंध्यातून सरळ आकाशाकडे जाणारे, जाड, मोठ्या काट्यांचे पानसोट दिसले की कोवळे असतानाच बोटाने बाजूला दाबून मोडून टाका. जोडाच्या खालून येणारी प्रत्येक फूट खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाची असते, आपल्याकडे बहुधा जंबेरी किंवा रंगपूर लाईमची. ती ठेवली तर वरचं कलम उपाशी राहतं.

मोठी छाटणी फळं तोडून झाल्यावर, थंडीत करावी. भर पावसात छाटलं तर ओल्या जखमांतून खैऱ्या शिरतो. एप्रिल-मेमधे छाटलं तर सावलीत राहिलेली साल पश्चिमेच्या उन्हाने भाजते आणि तडकते. तशी वेळ आलीच तर उघड्या पडलेल्या बुंध्याला चुन्याची निवळी नव्हे, दाट चुना लावा.

खत, पाणी, ऊन

सावलीतलं लिंबू उजेडाच्या शोधात लांबतं. रोज सहा तास थेट ऊन मिळत नसेल तर बाकीचे उपाय अर्धवटच लागू पडतील. परदेशात, थंडीत झाड घरात घेणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो. ऑक्टोबरनंतर खिडकीशी वाढलेली फिकट लांब फूट वसंतात झाड बाहेर काढण्याआधी निम्मी छाटा, आणि पहिले दहा दिवस झाड आडोशाला ठेवा.

नत्राचा अतिरेक लांब, मऊ फांद्या देतो. युरियाची चिमूट कुंडीत टाकण्याची सवय सोडून द्या. १२ इंची कुंडीला महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत आणि फुटीच्या काळात पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला २ ग्रॅम, एवढं भरपूर झालं. फळ पोसताना ००:००:५० हे पालाशाचं खत त्याच प्रमाणात एक-दोनदा द्या. कॅल्शियम नायट्रेट वापरत असाल तर ते इतर खतांत मिसळू नका, सल्फेट किंवा फॉस्फेट असलेल्या खताबरोबर त्याचा साका बनतो. स्वतंत्र दिवशी द्या.

मातीत फक्त काळी माती नको, ती पाणी धरून बसते. दोन भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू, आणि १२ इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. वरचा इंच-दीड इंच थर सुकला की तळातून पाणी येईपर्यंत भिजवा, मग वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा पाणी निथळून माती नुसती ओलसर राहीपर्यंत थांबा. ताटलीत पाणी साचू देऊ नका. जोड मातीपासून निदान वीतभर वर राहू द्या. जोड मातीत गाडला की डिंक्या रोग (साल कुजून डिंक गळतो तो) बुंध्याला धरतो आणि मग एक फांदी नाही, झाड जातं.

वारा आणि हलवाहलव

गच्चीवर फांद्या मोडण्याचं आणखी एक साधं कारण असतं: कुंडीच आडवी होते. कोकोपीटने भरलेली प्लॅस्टिकची कुंडी सुकली की अगदी हलकी होते. एप्रिल-मेमधे आभाळ भरून आलं की कुंड्यांना पाणी द्या, ओली माती वजन धरते. कुंड्या कठड्याच्या आतल्या कोपऱ्यात एकमेकींना टेकवून ठेवा. कठड्यावर ठेवू नका. गुटी कलम (झाडावरच फांदीला मुळं फोडून वेगळं केलेलं) असेल तर पहिल्या वर्षी जास्त जपा. त्याची मुळं थोडी आणि बरेचदा एकाच बाजूला असतात, त्यामुळे ते मुळासकट कलंडतं.

नर्सरीतून आणताना किंवा घर बदलताना सगळ्या फांद्या खालून वर, सैल, जुन्या साडीच्या किंवा ओढणीच्या पट्टीने गोळा करून बांधा. वरून खाली बांधत आलात तर बेचक्यांवर ताण येतो. कुंडी काठाला धरून उचला, बुंध्याला धरून कधीच नाही.

मोडलीच तर

फांदी फाटली आहे पण निदान एक-तृतीयांश साल अजून जोडलेली आहे, पानं अजून टवटवीत आहेत, तर ती वाचू शकते. फक्त हात त्याच दिवशी चालला पाहिजे. आधी फांदीवरची सगळी फळं आणि निम्मी पानं काढा. फाटलेल्या जागेतली धूळ, कचरा झटका, काहीही लावू नका. दोन्ही भाग फटीशिवाय एकमेकांवर बसवा, कलम बांधायच्या पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळा. बाहेरून बांबूच्या दोन काड्यांची कामटी बांधा आणि फांदीला टेकू द्या. झाड आठवडाभर सावलीत ठेवा. सहा-आठ आठवड्यांनी पट्टी सोडा, काड्या आणखी दोन महिने राहू द्या. त्या फांदीवर त्या वर्षी फळ नको.

साल पूर्ण तुटली असेल तर वेळ घालवू नका. फांदी बुंध्याला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, त्याच्या लगत बाहेरून स्वच्छ काप घ्या. खुंटी शिल्लक ठेवली तर ती कुजत आत जाते, बुंध्याशी सपाट कापली तर जखम भरत नाही. कापावर बोर्डो पेस्ट लावा: १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) ५० मिलिलिटर पाण्यात, १० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या ५० मिलिलिटर पाण्यात विरघळवून गाळून घ्या, मग दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकत्र ओतत ढवळा. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची, धातूची नकोत. लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, थोडी निवळी आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी वापरा, उरलेली ठेवून उपयोग नाही. हातमोजे घाला.

जोडावरूनच झाड निखळलं आणि वरचा भाग गेला, तरी कुंडी रिकामी करायची घाई नको. खुंट हिरवा असेल तर तो महिन्याभरात फुटतो. त्यातली एक सरळ फूट ठेवा, बाकी काढा, आणि ती पेन्सिलीएवढी जाड होऊ द्या. डिसेंबर-जानेवारीत साल सहज सुटते आहे असं पाहून, खात्रीच्या फळत्या झाडाचा डोळा तिच्यावर मातीपासून २०-२५ सेंटिमीटर उंचीवर भरून घ्या. स्वतःला जमत नसेल तर कलमं बांधणाऱ्या नर्सरीतल्या माणसाला कुंडीच नेऊन द्या, त्याला दहा मिनिटांचं काम आहे. जुनं, मुरलेलं मूळ खाली तयार असल्यामुळे असा डोळा नव्या कलमापेक्षा लवकर वाढतो, आणि त्यामुळेच त्याची खुडणी वीतभर वाढीला लगेच सुरू करावी लागते.